ज्वारीचं कडवं

भाताच्या पेजेचा वास आला की मला शाळेतला तो पंधरा ऑगस्ट आठवतो. आईने माझ्या पांढऱ्या ओढणीला पेजेची खळ घातली होती आणि जालन्यातल्या आमच्या इंग्रजी शाळेत ती पहिल्यांदाच कार्यक्रमाला आली होती. समूहगानातलं देशगीत तिच्या कुंभार पिंपळगावच्या शाळेत रोज म्हणत, मला ते तिनेच शिकवलं होतं. पण आमच्या बाईंनी आदल्या दिवशी शेवटचं कडवं बदललं. त्यातल्या गोदाकाठच्या ज्वारीच्या जागी आता उपग्रह आले होते, आणि हे आईला माहीत नव्हतं. आम्ही उपग्रहांचं कडवं सुरू केलं आणि पालकांमधून एक मोकळा आवाज ज्वारीचंच म्हणू लागला. आईचे डोळे मिटलेले होते. लोक वळून बघत होते, हसत होते. "कोणाची मम्मी आहे गं? थांबूनच न्हाई राह्यली!" शेजारची कुजबुजली. मी वर्गात कधी हातही वर करत नसे, पण तिला तिथे एकटं गाऊ देणं मला जमेना. मी उपग्रह सोडले आणि ज्वारीकडे वळले. आमचे दोन आवाज शेवटपर्यंत सोबत गेले. घरी जाताना आई म्हणाली, "बाकीच्या पोरी पार चुकल्या गं. तू एकटीच बराबर म्हणलीस." आई आता नाही. आज सकाळी आमच्या सोसायटीत तेच गीत लागलं, कडवं पुन्हा नवीनच होतं. खिडकीशी उभी राहून मी ज्वारीचं म्हटलं, शेवटपर्यंत, या वेळी खरंच एकटीने.