उत्तराऐवजी ताट

सामाजिक संशोधनामुळे माझं वजन वाढलं. तेही एका दिवसात.

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिलाच. अमरावतीच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली तेव्हा आईनं आमच्या तिवशात पेढे वाटले आणि अकोटच्या आपल्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला, फोन करून सांगितलं, "पोट्टा सायेब झाला!" (साहेब दारोदार जाऊन लोकांना प्रश्न विचारतो, हा तपशील तिनं वगळला.) मावशीचं सगळंच कायम बरं चाललेलं. तिच्यापुढं आईची मान पहिल्यांदाच वर झाली होती. ती खाली घालायचं काम माझ्याच हातून व्हायचं होतं!

आमचं सर्वेक्षण होतं घरातल्या अन्नाच्या टंचाईवर. संस्थेतल्या मॅडम म्हणाल्या, "प्रश्नावली छापण्याआधी ओळखीच्या घरांत विचारून बघा. प्रश्न समजतो का, बोचतो का, ते पाहा. बोचला तर शब्द बदला." मला याचं फार नवल वाटलं. एक शब्द बदलला की माणसाचं उत्तर बदलतं म्हणे! हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून मी अकोटची एसटी पकडली.

मावशीला समोर बसवलं, घसा साफ केला आणि विचारलं, "गेल्या महिन्यात घरात पोटभर जेवण मिळालं नाही, असं कधी झालं का?"

मावशीनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. मग हळू आवाजात म्हणाली, "तू जेवला नाही का रे?"

"मावशी, मी तुझं विचारतोय."

"माह्यं राहू दे. गाल पाह्य कसे बसले तुह्ये!"

पाचव्या मिनिटाला भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा समोर. आमच्याकडं पाहुण्यानं जेवणाचा विषय काढला की त्याचं उत्तर तोंडानं देत नाहीत, वाढून देतात. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. फक्त प्रश्नावली लिहिताना आठवलं नाही!

जेवलो. (संशोधकानं उत्तरदात्याचं मन दुखवायचं नसतं.) वहीत लिहिलं, 'प्रश्न थेट वाटतो, सौम्य करावा', आणि शेजारच्या रेहाना चाचींकडे गेलो. त्या शिलाई मशीनवर बसल्या होत्या. मी सौम्यपणे विचारलं, "चाची, कधी एखादं जेवण टाळावं लागलं का?"

मशीन थांबलं. "किसने टालने को बोला बेटा? डागदर ने?"

"नाही, म्हणजे पैशांची अडचण असल्यामुळे..."

"हाय अल्ला! पगार नई देते क्या वो लोग?"

"देतात हो! प्रश्न तुमच्यासाठी आहे."

"शरमाओ मत. अपनाच घर समजो." आणि शेवयांची खीर आली. वाटीत नाही, ताटलीभर!

आता मला खरंच उत्सुकता लागली. नेमकं चुकतंय कुठं? विचार केल्यावर वाटलं, दोष 'तुम्ही' या शब्दात आहे. स्वतःच्या घरातली उणीव कोण सांगेल? मग ओट्यावर बसलेल्या बायकांना मी मोठ्या हुशारीनं विचारलं, "या गल्लीत असं कोणी आहे का, ज्याला कधी कधी उपाशी राहावं लागतं?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यांतल्या एका आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"आहे ना बाप्पा. एक पोट्टा आला सकाळी अमरावतीवून."

मग पोहे!

तोवर मावशीनं तिवशाला फोन केला होता. "पोराकडं लक्ष दे माय, उपाशी फिरून राह्यला, घरोघरी खाते." आईनं मिळेल ती एसटी धरली आणि दिवेलागणीला ती मावशीच्या दारात उभी.

"घरोघरी खाऊन राह्यला म्हणे तू! काहून?"

"आई, मी प्रश्नावलीची चाचणी..."

"वरडू नोको त्याच्यावर," मावशी मधे पडली. "उपाशी जीवाले काय बोलाचं?"

आईचा चेहरा लालबुंद झाला. "माह्या पोराले काई कमी नाही, ताई! सांग रे इले!"

"मावशी, मला पोटभर मिळतं," मी सांगितलं.

"पाह्य, कसा झाकते बिचारा!" असं म्हणून मावशीनं शिऱ्याचं ताट माझ्यापुढं सरकवलं.

आता आली पंचाईत! खाल्लं तर उपाशी ठरणार; नाही खाल्लं तर लाजरा उपाशी. ओट्यावरच्या बायका दारात गोळा झालेल्या. आई डोळ्यांनीच बजावत होती, हात लावशील तर याद राख! पदवीच्या परीक्षेलाही असा पेपर आला नव्हता. काही तरी पटेल असं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं...

आणि वांगी, खीर व पोहे यांनी एकमतानं ढेकर दिला. असा दणदणीत, की ओसरीवर झोपलेलं मांजर उठून बाहेर गेलं!

मग मावशीनं ताट गुपचूप मागं ओढलं. "भरलं वाटते त्याचं," ती पुटपुटली.

"मी काय सांगून राह्यली होती मंग!" आईनं पदर सावरला. तिची मान पुन्हा वर.

मॅडमना दिलेल्या अहवालात मी प्रामाणिकपणे लिहिलं: प्रश्न तीन तऱ्हांनी विचारून पाहिला. सगळ्यांना पटेल असं उत्तर एकाच माणसानं दिलं. तो मी होतो, आणि शब्द एकही वापरला नव्हता.