भित्र्या बाईची नेमणूक

जेवायला बसला की आमचा कोच आधी पुढचे दात काढायचा आणि शर्टाच्या खिशात ठेवायचा, पेन ठेवावं तसे. आम्ही अमेरिकेत नेपरव्हिलला नवीन आलो तेव्हा शेजारी म्हणून त्याला आणि त्याच्या बायकोला, रोझला, जेवायला बोलावलं. वरणाची वाटी पुढे करताना मी ते दृश्य पाहिलं आणि वाटी हातातून सुटली. "घाबरू नकोस, शुबा," तो म्हणाला; माझ्या नावातला 'भ' त्याला कधी जमला नाही. "खरे दात कॅनडात बर्फावर पडलेत. हे नुसते फोटोपुरते."

मी तेव्हा कशाला घाबरत नव्हते ते विचारा. बर्फाला, हायवेला, दारावरच्या बेलला. धुराचा अलार्म वाजेल म्हणून फोडणीलासुद्धा. आमचे हे म्हणायचे, "तुला व्हिसा दिला तरी कसा, यार?" आज माझ्या नाती मला 'डेंजर आजी' म्हणतात. तेव्हाची ती पायघोळ कोटातली थरथरती बाई त्यांना दाखवता आली असती, तर हसून लोळल्या असत्या.

कोच म्हणजे निवृत्त व्यावसायिक आइस हॉकीपटू. तोही डिफेन्समन, म्हणजे बचावातला. गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं. रबराची ती कडक चकती गोळीसारखी सुटली की शहाणी माणसं बाजूला होतात. डिफेन्समन तिच्यापुढे आडवा पडतो. त्याच्या उमेदीत बरेच जण हेल्मेट घालायचे नाहीत, हाही नाही. "लोक भित्रा म्हणतील ही भीती, डोकं फुटेल या भीतीपेक्षा मोठी होती," असं म्हणायचा. बारा-तेरा वर्षं खेळला. टीमवाल्यांचा फोन यायचा, आणि दुसऱ्या दिवशी अंगावर वेगळ्याच शहराची जर्सी. रोझ म्हणायची, "शेवटी मी घराला पडदे लावणंच सोडून दिलं." नाव झालं नाही याचं त्याला दुःख नव्हतं. "आमचं नाव लोक कधी घेतात? आम्ही चुकलो की."

डिफेन्समन बर्फावर उलटा पळतो. हल्ला करणाऱ्याकडे तोंड आणि आपल्या गोलकडे पाठ. ती सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की आमच्या घरून निघतानासुद्धा तो दारापर्यंत उलटा चालत जायचा, आपण गाभाऱ्यातून निघतो तसा. वाटेतल्या चपला कधी पायात आल्या नाहीत.

दुसरी एक सवय मात्र मला फार महागात पडली. हा माणूस बोलताना माझ्या छातीकडे बघायचा! मी भर जूनमध्ये कोट घालून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला लागले. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "साडेसहा फुटाच्या माणसाला मी काय जाऊन सांगू?" शेवटी धीर करून रोझलाच सांगितलं. ती हसता हसता पायरीवरच बसली. "अगं, तो माझ्या आईच्याही छातीकडे बघायचा! त्यांना शिकवतातच तसं. डोळे फसवतात, हात फसवतात. माणूस कुठे वळणार ते छातीवरूनच कळतं." मी कोट काढला आणि लाजेने आठवडाभर खिडकीचे पडदे उघडले नाहीत.

आमची नेहा दहाची झाली आणि तिने जाहीर केलं, "आय वॉन्ट टू प्ले फॉर कोच." तो गावातल्या मुलींना शिकवायचा. माझ्या डोळ्यांपुढे नेहाचे दात कुणाच्या तरी खिशात दिसायला लागले. पण कोच स्वतः येऊन नेहाचं हेल्मेट बघून गेला. पट्टा ओढला, पुन्हा ओढला. "हिच्या डोक्याला काही होणार नाही. माझ्या डोक्याचं झालं ते पुरे," एवढंच म्हणाला. हिवाळाभर रोज नेहाला आणि तिच्या मैत्रिणींना तोच आपल्या मोठ्या गाडीतून रिंकवर न्यायचा. बर्फात गाडी चालवणं म्हणजे माझ्या लेखी आत्महत्या होती, त्यामुळे माझी सोयच झाली.

एका दुपारी तो एकटाच आला. चहा घेतला नाही. "डॉक्टर म्हणतात, जुने मार डोक्यात साठलेत. हळूहळू एकेक गोष्ट जाणार. शुबा, मुलींना माझ्यापासून धोका आहे असं ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी मला सांगायचं."

"मी? रोझ आहे ना!"

"रोझ सांगणार नाही, तिचा माझ्यावर जीव आहे. टीममधले जुने दोस्त सांगणार नाहीत, त्यांच्याही डोक्याचं हेच चाललंय. तुझ्याइतकं घाबरणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तुला सगळ्यांत आधी दिसेल."

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गुणांवर नोकरी मिळाली होती. नाही म्हणायचीही भीती वाटली, म्हणून हो म्हटलं.

तेव्हापासून मी त्याच्यावर पाळत ठेवली. गाडी परत आली की खिडकीत. तो एकाच मुलीच्या बुटांच्या नाड्या पुन्हा बांधायला बसला की मी कितव्यांदा ते मोजायचे. हे म्हणायचे, "होतं गं या वयात. तुला काय, सगळंच दिसतं!" मलाही तेच खरं मानायचं होतं. कारण त्याला थांबवलं तर स्टीअरिंगवर कोण बसणार, हे मला ठाऊक होतं.

मग एक दिवस नेहा हसतच घरात शिरली. "आई, कोच वॉज सो फनी! स्टॉप साइनला थांबले ते थांबलेच. मागचे लोक हॉर्न मारतायत. मग म्हणाले, नेहा, आता तू सांग, कुठे वळायचं? लाइक अ क्विझ!"

रिंकचा तो रस्ता त्याने हजार वेळा पालथा घातला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधी त्याच्या अंगणात गेले. तो बर्फ उपसत होता. मी थंडीवर बोलले, रोझच्या गुडघ्यावर बोलले. मग एका दमात म्हटलं, "कोच, आजपासून मुलींना मी नेते."

फावडं थांबलं. इतक्या मोठ्या माणसाचा चेहरा इतका लहान झालेला मी पाहिला नव्हता.

"स्टॉप साइन?" त्याने विचारलं.

"हो."

"मला वाटलं, त्यांना क्विझ वाटलं."

"त्यांना वाटलं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "पण तू? बर्फात?" आणि मी रडायला लागले, तेव्हा तोच माझी समजूत घालत बसला.

त्या हिवाळ्यात गाडी मी चालवली आणि तो शेजारी बसला. पहिल्या दिवशी दारावरचं हँडल त्याने रिंक येईपर्यंत सोडलं नाही. "ब्रेक हळू. अगं हळू! खेळताना इतका कधी घाबरलो नव्हतो." मागे मुली खिदळत होत्या. बर्फावर उतरला की तो अजूनही तसाच होता, उलटा, सुंदर, पाण्यासारखा. पाय काही विसरले नव्हते.

सीझन संपत आला तेव्हा एकदा अर्ध्या वाटेत त्याने बाहेर पाहत विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

"रिंकवर, कोच."

"मग जोरात चालव ना! मुली वाट बघत असतील."

मुली मागच्या सीटवरच होत्या. एकही हसली नाही. आरशात मला नेहा दिसली, हेल्मेट पोटाशी घट्ट धरून बसलेली.

मी ताशी वीस मैलांवरून पंचविसावर गेले. त्या बर्फात माझ्यासाठी ते जोरातच होतं.