बारा वस्त्या आणि एकाच घरचा कांदा

समाधान गुंजाळ नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पोरांना ‘काम वेळेत संपवा’ म्हणून झापायचा आणि स्वतःची पीएचडी नवव्या वर्षी ओढत होता. विद्यापीठाची शेवटची मुदत शुक्रवारी संपत होती. त्यानंतर प्रबंधाचे कागद भेळेला उपयोगी पडले असते, असं तोच हसून सांगायचा.

साठवणीच्या चाळीतला कांदा किती सडेल हे सांगणारं सूत्र त्याला संगणकाकडूनच जन्माला घालायचं होतं. हजार वेडीवाकडी सूत्रं घ्यायची, बरी असतील त्यांचा संकर करायचा, बाकीची फेकायची, असं पिढ्यान्‌पिढ्या. प्रश्न एवढाच, की सगळ्यांना एका दांडग्या मशीनवर एकाच कळपात ठेवून फक्त तपासणीचं काम वाटून द्यायचं, की लॅबमधल्या बारा जुन्या संगणकांवर बारा वेगळ्या वस्त्या करून अधूनमधून एकमेकींकडे चांगली सूत्रं पाहुणे म्हणून पाठवायची? समाधानने स्टाफरूममध्ये छाती ठोकून बारा वस्त्यांची बाजू घेतली होती. निकाल आला तेव्हा बारा वस्त्या मोठ्या मशीनपेक्षा तसूभरही सरस नव्हत्या. पडेल चेहऱ्याने त्याने तसा निष्कर्षही लिहून टाकला.

रविवारी तो लासलगावजवळ आपल्या गावी गेला. आई, कलाबाई, बियाण्याच्या लागणीसाठी चाळीतले टिकाऊ कांदे निवडत होती. दरवर्षी ती आणि तिच्या तीन गावांतल्या नणंदा आपापल्या चाळीतले कांदे निवडत आणि त्यातले पाटीभर एकमेकींना देत. समाधानने तिला आपलं रडगाणं ऐकवलं. समजणार नाही याची खात्री होती, म्हणूनच मोकळेपणाने.

“त्या बारा घरांनी पहिलं बी आणलं कुठून?” कलाबाईने विचारलं.

“एका संगणकावर तयार केलं, बाकी अकरांवर तेच उतरवलं.”

“मग वाटतो काय, कपाळ? सगळ्यांकडं एकच कांदा हाय. तुझी आत्या वत्सलाबाई माझाच कांदा मला परत देणार आसल, तर मी कशाला पाटी उचलू?”

समाधानच्या कानशिलापर्यंत शरम चढली. ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून संगणक सूत्रं आणि त्यांचे संकर ठरवतो, तो प्रत्येक संगणकावर बदलायलाच तो विसरला होता. नऊ महिने, दर चार दिवसांच्या फेरीत, बारा संगणक एकच काम बारा वेळा करत होते, आणि हा शहाणा त्यांची तुलना करत बसला होता. जेवण न करताच तो परत निघाला.

प्रत्येक संगणकाला वेगळी सुरुवात देऊन त्याने सगळं पुन्हा चालू केलं. चार दिवस तो लॅबमध्ये अंडी उबवणाऱ्या कोंबडीगत बसून होता. गुरुवारी दुपारी सातव्या वस्तीतल्या एका पाहुण्याने नवव्या वस्तीत जाऊन असं सूत्र दिलं, जे मोठ्या मशीनला कधी सुचलंच नव्हतं. समाधान खुर्चीतून उठून एकटाच हसला आणि मग त्याला रडूही आलं.

शुक्रवारी निष्कर्ष बदलून झाला. छपाईला देण्याआधी त्याने अर्पणपत्रिका उघडली. तिथे दोन वर्षांपूर्वी मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं, ‘स्वतः अडाणी असूनही मला शिकवणाऱ्या आईस.’

त्यातला अडाणी कोण, हे आता त्याला ठाऊक होतं. पहिले तीन शब्द त्याने खोडले.