बाभळीच्या सांगाड्याची मोटार

देवगाव फाट्यावर माझ्या नवऱ्याचं गॅरेज हाय. चांगलं जीप-ट्रॅक्टरचं काम सोडून त्यानं एका जहागीरदाराच्या गोठ्यातनं निजामाच्या काळातली मोटार ओढून आणली. बाहेरनं पत्रा, आतनं सगळा लाकडी सांगाडा, अन् त्या लाकडाचं वाळवीनं पार पीठ केलेलं. मी म्हणलं, "ही कसली ब्याद आणली घरी?" तर म्हणतो, "हिला जीपचं डिझेल इंजिन बसवतो, रुंद टायर टाकतो. लोक माना वळवून बघतील." एकदा डोक्यात किडा शिरला की शिरला.

लाकडाचं काम आबांनी मागून घेतलं. आबा म्हणजे माझे सासरे. राणीसावरगावात त्यांनी जन्मभर बैलगाड्या केल्या. लोखंडी, टायरच्या गाड्या आल्या अन् त्यांना कुणी विचारीना झालं, म्हणून आमच्याकडं आले. दिवसभर बाजेवर पडून राहायचे. "तुमच्या जिवाला भार झालो," हे रोजचंच. आता मात्र पोत्यात गुंडाळलेली सुतारकीची हत्यारं, वाकस-पटाशी, निघाली. बांधावरची बाभूळ तोडली. भाकर मागून खायला लागले. मला म्हणाले, "पोरी, ह्या गाडीत बसून सावरगावला जायचंय. बघू दे गावाला, म्हातारा अजून कामाचा हाय." मला लय बरं वाटलं.

सांगाडा त्यांनी लाकडी खुंट्यांवर जोडला, एक स्क्रू लावू दिला न्हाई. पण ऊन असं पडलं की सांधे ढिले झाले, दारं लागंनात. आबा हसले. "उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक ढिलं झालं की आमी काय करतो? भिजत घालतो," म्हणाले. तेच त्यांनी केलं. सांगाड्यावर ओली पोती टाकली अन् मी घागरीनं पाणी ओतत राहिले. लाकूड फुगलं, सांधे गच्च झाले, दार खट्ट लागलं. लगेच वरनं पत्रा ठोकून लाल रंग मारला. चाक वाळलं तर पुन्हा भिजवता येतं, पत्र्याखालचं लाकूड कसं भिजवणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं न्हाई.

इंजिन बसवण्यात महिना गेला. निघायच्या दिवशी आबा फेटा बांधून पुढं बसले. नारळ फोडला. इंजिन सुरू झालं अन् अगं आई गं, सगळी मोटार हिव भरल्यागत थरथरायला लागली! आतलं लाकूड वाळून आकसलेलं. खुंट्या टपाटपा गळाल्या, आबांच्या बाजूचं दार निखळून धुळीत पडलं, छत खाली आलं. फाट्यावरचे ड्रायव्हर खदाखदा हसले. मला त्यांचे दात पाडावे वाटले. आबांना बाहेर काढता काढता नवरा सहज बोलून गेला, "जाऊ द्या आबा. लोखंडी अँगल वेल्डिंग करून टाकू."

आबांनी फेटा सोडून त्याची घडी घातली.

मोटार आता पळती, लोखंडावर. लग्नात नवरदेव मिरवतात तिच्यात. नवरा म्हणतो, "आबा, चला सावरगावला." आबा म्हणतात, "लोखंडात बसून काय दाखवू?" अन् भिंतीकडं तोंड करतात. वाकस-पटाशी त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकली.

सांगाड्याची लाकडं मी चुलीत घालते, आबांच्याच आंघोळीच्या पाण्याला. परवा ते चुलीपाशी येऊन उकिडवे बसले. दाराची चौकट जळत होती. हात शेकत म्हणाले, "आता वाळलं बघ, पोरी."

मला रडू आवरेना. पाणी उकळलं तरी उतरवायचं सुचलं न्हाई.