चार माइक, आठ सेल

नाटकाच्या ग्रुपमध्ये प्रयोग वर्षाला जेमतेम तीन होतात, किस्से मात्र दर तालमीला एक या वेगानं साठत जातात. आमच्या ग्रुपचे तर निम्मे किस्से सेलचेच आहेत. नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आले, या ग्रुपमध्ये शिरले, आणि अभिनय जमत नाही हे सगळ्यांच्या लगेच लक्षात आल्यामुळे माझ्याकडे चार कॉलर माइक सोपवले गेले. माइकची डबी कमरेला, डबीत दोन पेन्सिल सेल. ते चार्ज करून ठेवणं हे माझं काम. तालमी के. आर. पुरमला, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये.

*

पहिले रिचार्जेबल सेल निखिलनं आणले. निखिल नागपूरचा, आमचा हीरो. पाकिटावर सगळ्यात मोठा आकडा असलेले सेल त्यानं शोधून काढले होते.

"बाकीच्यांवर दोन हजार लिहिलंय, यावर नऊ हजार. म्हणजे चारपट चालतील ना."

अण्णा आमचे दिग्दर्शक. मूळचे निपाणीचे, पण चाळीस वर्षं इथेच. त्यांनी एका हातात नवा सेल घेतला, दुसऱ्यात जुना, आणि भाजीवालीसारखं तोलून पाहिलं.

"हा पोकळ आहे. स्वल्प वजन तरी हवं की नको?"

तालमीत पहिला अंक संपायच्या आतच चारही माइक गेले. शेवटच्या रांगेतून अण्णा शांतपणे म्हणाले, "आकडा बोलत नाही रे बाबा, सेल बोलतो."

*

एकदा मी चार दिवस पुण्याला गेले आणि आठही सेल अक्काकडे दिले. अक्का आमच्या नाटकांत आईची कामं करते. बँकेतून रिटायर झालेली, व्यवस्थित बाई. पण चार्जर द्यायचा राहिला आणि तो माझ्याबरोबर पुण्याला गेला.

परत आले तर तिनं डब्यातून सात सेल काढून दिले.

"आमच्या लहानपणी रेडिओचे सेल उन्हात ठेवायचे. म्हणून गच्चीवर सांडग्यांशेजारी मांडले."

"आणि आठवा?"

"कावळ्यानं नेला. सांडग्यांना हातही लावला नाही मेल्यानं."

त्या रविवारी तीन माइकवर तालीम झाली.

*

हा किस्सा सांगताना मात्र मला अजून हसू येत नाही. निखिलची पॉवर बँक पुरीसारखी फुगली होती. तरी ती चालते म्हणून तो वापरत होता, आणि तालमीला आला की कपड्यांच्या ट्रंकेवर चार्जिंगला लावून ठेवायचा. एका दुपारी अक्का शालू काढायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "ही ट्रंक गरम का लागतेय?"

मी प्लग काढला. अण्णांनी चिमट्यानं पॉवर बँक उचलली, हात लांब धरून खाली नेली आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर ठेवली. आम्ही सगळे लांब उभे राहून बघत होतो. तासाभरानं ती गार पडली. काही झालं नाही.

ती ई-कचऱ्यात देऊन आल्यावर निखिलनं विचारलं, "पण अण्णा, नवीन कोणती घेऊ?"

"सपाट," अण्णा म्हणाले.

*

होसकोट्याला एका कारखान्यातल्या मराठी मंडळींसाठी प्रयोग होता. रिचार्जेबल सेलची खोड अशी की शेवटपर्यंत ठणठणीत चालतात आणि मग एकदम मान टाकतात. शेवटच्या प्रवेशात निखिल म्हणाला, "आई, मी तुला आजवर सांगितलं नाही, पण..." आणि त्याचा माइक गेला. तो गोंधळला, थांबला. बराच वेळ थांबला. मग अक्का दोन पावलं पुढे आली आणि तिच्या माइकमधून त्याचं वाक्य कसंबसं ऐकू गेलं.

मी विंगेत डोकं धरून बसले होते. प्रयोगानंतर एक बाई आत आल्या. म्हणाल्या, "तो थांबला ना, तिथं मला रडूच आलं."

अण्णा म्हणाले, "हो, ती जागा आम्ही फार घासून बसवलीय."

*

येलहंक्याच्या दुपारच्या प्रयोगाला अक्का फोन हातात धरूनच आली. मेकअप करताना मला म्हणाली, "धारवाडला लेकीला पहाटेच दवाखान्यात नेलंय. बीपी फार वाढलंय. ऑपरेशन करून बाळ काढायचं म्हणतायत."

"अक्का, प्रयोग रद्द करू या."

"रद्द करून काय करू? मी धारवाडला पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. जावयाचा फोन आला की दे फक्त."

तिच्या फोनची बॅटरी म्हातारी झालेली. चाळीस टक्के दाखवायची आणि पुढच्या मिनिटाला फोन बंद. म्हणून मी तो माझ्या पॉवर बँकेला जोडला आणि मांडीवर घेऊन विंगेत बसले. वायर नीट बसलीय ना, एवढंच बघत होते.

दुसऱ्या अंकात, अक्का विंगेत असतानाच फोन थरथरला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. मला एकच गोष्ट करायची होती, तिच्या कमरेचा माइक बंद करायचा. तीच मी विसरले.

"झालं बाळ? आणि ती कशी आहे? शुद्धीवर आहे ना? बोलतेय? अरे, मग दे की तिला."

मग तिनं एक लांब श्वास सोडला. तो मला हॉलच्या स्पीकरमधून ऐकू आला.

"रडू नको गं. मी कुठं रडतेय."

स्टेजवर निखिल वाक्य अर्धवट सोडून उभा होता. अक्कानं डोळे पुसले, फोन माझ्या हातात कोंबला आणि एंट्री चुकू नये म्हणून लगबगीनं स्टेजवर गेली. तिला काहीच कळलं नव्हतं. हॉलमध्ये चिडीचूप. तिनं आपलं ठरलेलं वाक्य घेतलं, "काय रे, सगळे असे गप्प का?"

तिसऱ्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं, "मुलगा की मुलगी?"

अक्कानं विंगेत माझ्याकडे पाहिलं. मग तिचा हात हळूच कमरेच्या डबीकडे गेला. मग तिनं पदर सारखा केला.

"मुलगी," ती म्हणाली. "दोघी बऱ्या आहेत. सरी, चला, आता नाटक बघा."