चौदाव्यांदा बजावलेलं समन्स

आमच्या कोर्टातल्या बेलिफाने एकोणतीस वर्षं एकच काम केलं. समन्स घेऊन लोकांच्या दारात जायचं आणि सही घ्यायची. ती मिळाली नाही, तर कागद दाराला डकवून दोन पंचांच्या सह्या आणायच्या. मी तिथेच कारकून होतो, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

वस्तीबाहेर एका पंथाचं मोठं केंद्र होतं. पंथाच्या प्रमुखांना सगळे ‘थोरले’ म्हणत. एका शाळामास्तरांची मुलगी तिथे जाऊ लागली, तिथल्या सांगण्यावरून तिने औषधं सोडली आणि ती दगावली. मास्तरांनी दावा लावला. थोरल्यांनी कोर्टात यावं म्हणून समन्स निघालं आणि ते बेलिफाच्या गळ्यात पडलं.

पंचाईत अशी की, बेलिफाची बायको त्याच पंथातली. मुलगी लग्न होऊन लांब गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा ती तिकडे रमली. त्याला अठरा वर्षं झाली होती.

बेलीफ तेरा वेळा फाटकावरून परत आला. कधी थोरले प्रवासात, कधी आजारी. चौदाव्यांदा रखवालदार म्हणाला, "थोरले मौनात आहेत."

"सही करायला तोंड कशाला लागतं?" बेलीफ म्हणाला.

फाटक बंद झालं. त्याने पिशवीतून खळ काढली आणि कागद फाटकाला डकवला. पंच म्हणून समोरच्या सायकलवाल्याची आणि एका वाटसरूची सही घेतली. तेवढ्यात सभा सुटली. बाजूच्या दारातून बायका बाहेर पडल्या, त्यांत त्याची बायको होती. तिने त्याला पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढच्या तारखेला थोरल्यांचे वकील म्हणाले, "बेलीफ आलाच नव्हता. समन्स डकवल्याचा अहवाल घरी बसून लिहिलाय." सायकलवाल्याने सरळ हात झटकले, "आठवत नाही." वाटसरूचा पत्ता लागेना. बेलिफावर खोट्या अहवालाची चौकशी लागली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

मी म्हटलं, "अहो, वहिनींनी पाहिलंय ना? सांगा की तसं."

"नको. तिला तेवढी एकच जागा आहे जायला."

पण ही गोष्ट तिच्या कानावर गेलीच. पुढच्या तारखेला ती एकटीच आली आणि माझ्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "भाऊजी, साक्ष द्यायला कुठे उभं राहायचं असतं?"

वकिलांनी विचारलं, "थोरल्यांवर श्रद्धा आहे ना तुमची?"

"आहे."

"आणि तरी त्यांच्याविरुद्ध बोलताय?"

"विरुद्ध कुठे? यांनी कागद लावला, तो मी पाहिला. श्रद्धा आहे म्हणून डोळे गहाण नाही टाकलेत."

कोर्टात हशा पिकला. ती हसली नाही. बेलीफ मागच्या बाकावर चष्मा पुसत बसला होता.

चौकशी मिटली, समन्स बजावलं गेल्याचं कोर्टाने मानलं. थोरल्यांनी वरच्या कोर्टातून स्थगिती आणली. तो दावा आजही तारखांवर चाललाय. मास्तर काठी टेकत येतात, तारीख लिहून घेतात आणि जातात.

त्या आठवड्यात ती नेहमीसारखी सभेला गेली, तर रखवालदार म्हणाला, "ताई, यादीत तुमचं नाव नाही." ज्या मैत्रिणींबरोबर इतकी वर्षं बसली-उठली, त्या रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागल्या. पंथाविरुद्ध लढणारी मंडळी तिचा सत्कार करायचा म्हणून घरी आली. तिने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "मी तुमच्यातली नाही हो. मला उगाच कुठे उभं करू नका."

मध्यंतरी मी त्यांच्याकडे गेलो होतो. बेलीफ आता निवृत्त झालाय. मागच्या खोलीत ती डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती, तीच, केंद्रात शिकलेली. त्याने मला ओठांवर बोट ठेवून खूण केली. आम्ही दोघे पायरीवर बसलो.

"माझ्यापायी केंद्र सुटलं तिचं," तो हळूच म्हणाला. "ती तसं म्हणत नाही. म्हणाली असती, तर बरं वाटलं असतं."

आतली प्रार्थना बराच वेळ चालली होती. चहाला थांब, असं तो म्हणाला नाही, आणि मीही उठलो नाही.