पिशवी टाकून धरलेली जागा

मागच्या रविवारी बीडच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपासनेत सौम्यता शिकवली. ख्रिस्त कसा सौम्य होता, आपणही रोजच्या जगण्यात तसं व्हावं, असं सांगता सांगता त्यांनी माझ्याकडे हात केला. "या आपल्या ताई बघा. कधी आवाज चढवत नाहीत."

सगळी मंडळी वळून बघायला लागली. मी पदर तोंडावर ओढला. शेजारी माझ्या सासूबाई होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सौम्य कशाची साहेब, भित्री हाय ती. कुत्र्याला हाड म्हणाया लाजते."

खरं आहे ते. पिठाच्या गिरणीत कुणी रांगेतला माझा डबा मागं सारून आपला पुढं केला तरी मी गप्प बसते आणि घरी येऊन सगळं देवाला सांगते. देवाकडे माझ्या गिरणीच्याच तक्रारी जास्त असतील.

या रविवारी आम्ही दोघी नेकनूरच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत होतो. आत्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फार वेळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय. उपासना चुकवणार नाही, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलंय. त्यात बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

गाडी लागली तशा आत्याबाई ओरडल्या, "टाक की गं खिडकीतून कायतरी! जागा धर!"

माझ्याकडे रुमाल नव्हता. मी पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची पिशवीच आत टाकली. मनात म्हटलं, यावर कोण बसेल?

आत्याबाईंना धरून कशीबशी आत नेलं, तर जागेवर एक धिप्पाड बाई बसलेली आणि माझी पिशवी तिच्या मांडीवर.

"तुमची का? घ्या. पडत होती, म्या धरली."

"आमी जागा धरली हाय ती," आत्याबाई म्हणाल्या.

"जागा काय पिशवीच्या नावावर हाय का?"

लोक हसले. आत्याबाईंनी वरचा दांडा धरला होता. कपाळावर घाम आला होता. त्या माझ्याकडे वळल्या. "बोल की!"

छळ होताना ख्रिस्तसुद्धा गप्प राहिला होता, असं मी स्वतःला सांगत होते. पण तिथं दुखणं त्याचं स्वतःचं होतं. इथं गप्प मी राहणार आणि दुखणार आत्याबाईंचा गुडघा. ही कसली सौम्यता?

म्हणून तोंड उघडलं. म्हणायचं होतं, बाई, यांना जरा बसू द्या. पण माझ्या आवाजाचा अंदाज मलाच नव्हता.

"उठा!"

पुढच्या बाकावरचे दोघे गडी ताडकन उठले. मागं एक म्हातारबा झोपेतून जागे होऊन म्हणाले, "बीड आलं का?" ड्रायव्हरनं गाडी बंद केली. ती बाई तेवढी बसून होती.

मग मी पुटपुटले, "यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हो."

"मग आदी सांगायचं न्हाई का? वरडता कावून?" असं म्हणत ती लगेच उठली आणि तिनंच आत्याबाईंना दंडाला धरून बसवलं. त्यात माया किती होती आणि माझ्या आवाजाचा धाक किती, कोण जाणे. माझ्या ओरडण्यातही राग किती होता आणि माया किती, ते मलाही सांगता येत नाही.

गाडी सुरू झाली. थोड्या वेळानं आत्याबाईंनी सरकून तिला काठावर बसवून घेतलं. मग दोघी गुडघ्यांवर अशा बोलायला लागल्या, जशा सख्ख्या बहिणीच.

पुढच्या त्या दोघांच्या जागा मात्र गेल्या. ते उठले तशी तिथं दुसरी माणसं बसली होती. मी उभी होते. एवढ्या गर्दीतही माझ्या भोवती हातभर जागा मोकळी होती. त्या दोघांतला एक बिचकत माझ्याजवळ आला.

"ताई, हितं उभं राहिलं तर चालंल का?"

मी सरकले आणि त्याला दांडा धरायला जागा दिली.